गहू उंबऱ्याबाहेर

खानापूरकडचा माणूस भाताचा आणि अथणीकडचा भाकरीचा, असं आमच्याकडे सरसकट बोललं जातं आणि ते बरंचसं खरं आहे. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात भात पिकतो, उताराच्या जमिनीवर नाचणी. बेळगाव ओलांडून गोकाक, सौंदत्ती, अथणीकडे निघालं की पाऊस आटत जातो, माती काळी होते आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, लागतो. माझं माहेर त्या शाळूच्या बाजूचं, सासर खानापूर तालुक्यातलं आणि संसार बेळगावात, शहापूरच्या एका गल्लीत. त्यामुळे माझ्या स्वयंपाकघरात जिल्ह्याची दोन्ही टोकं पहिल्यापासून नांदत होती. माहेरची शाळूची भाकरी, कारळ्याची चटणी, अंबाडी. सासरची नाचणीची आंबील, घावनं, तांदळाची भाकरी. गहू या दोघांच्या मध्ये नंतर येऊन बसला. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी चपाती सणाला नाहीतर पाहुणा आला तरच व्हायची. आता ती घरोघरी रोजची झाली, कारण ती पटकन होते, डब्यात मऊ राहते आणि मुलं कुरकुर न करता खातात.

धाकट्या मुलीला सिलिअ‍ॅक आजार निघाला आणि तिच्या ताटातून गहू कायमचा गेला. पाठोपाठ दूधही गेलं. तेव्हापासून आम्ही जे जेवतो त्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण अशी घरं आता आसपास दिसायला लागली आहेत आणि त्या घरातली आई पहिल्यांदा रडते ती "आता हिला घालू काय?" या एकाच प्रश्नावर.

आजार समजायला वेळ गेला. पोट फुगलेलं, हातपाय बारीक, वर्गातल्या मुली उंच होत चाललेल्या आणि ही तिथंच. जंताचं औषध झालं, लोहाची टॉनिकं झाली, हिमोग्लोबिन वर येईना. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली आणि त्यानंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला. गव्हातल्या, जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे या मुलांचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्न शोषून घेणारे जे रसांकुर असतात ते झिजून सपाट होतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, एवढाच उपाय. आणि तो नीट पाळला तर आतडं पुन्हा भरून येतं. एक गोष्ट इथं ठामपणे सांगते: तपासणी व्हायच्या आधी गहू बंद करू नका. बंद केला की रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान चुकतं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी कुणाचं तरी ऐकून मुलाची चपाती आधीच तोडली होती. मग तपासणीसाठी त्याला पुन्हा गहू खाऊ घालावा लागला आणि ते हाल त्या माउलीला बघवेनात.

गहू हेच मूळ आहे हे जगाला कळलं तेही एका दुष्काळातून. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ तिथं अशा मुलांवर उपचार करत होते. आजूबाजूचे लोक उपाशी असताना ही मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, असं त्यांनी पाहिलं. 1950 मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. एवढं मोठं जग आणि या मुलांच्या घासातला गुन्हेगार सापडायला विसाव्या शतकाचं निम्मं सरावं लागलं.

दुधाचं कारण वेगळं. दुधातली साखर पचवणारा रस त्याच रसांकुरांच्या टोकाशी तयार होतो. टोकं झिजली की दूध पचत नाही, पोटात गुबारा धरतो, जुलाब होतात. आतडं भरून आल्यावर पुष्कळ मुलांना दूध पुन्हा चालायला लागतं. आमच्या धाकटीला ताकानंसुद्धा त्रास होत राहिला, म्हणून डॉक्टरांनी तूर्त सगळंच बंद ठेवायला सांगितलं. ज्यांना दुधाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी असते त्यांची गोष्ट निराळी आणि जास्त कडक. त्यांना तुपाचा थेंबही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

सुरुवातीला मी सगळ्यांसाठी नेहमीचा स्वयंपाक करून तिच्यापुरतं वेगळं करत होते. वेगळी भाकरी, वेगळी आमटी, वेगळी ताटली. सासूबाई दोन-तीन दिवस बघत राहिल्या आणि एका रात्री पंगत बसल्यावर म्हणाल्या, "पोरीला एकटीलाच वेगळं वाढूलालीस काय? मग आम्ही चपाती कशाला खायाची? घाल की सगळ्यांना भाकरी." मामंजींना रात्री चपाती लागायची. त्यांनी काही न बोलता भाकरी पुढं ओढली. त्या आठवड्यात घरातला गहू संपवला आणि नवा आणला नाही. ज्याला खायचा त्यानं बाहेर खावा, उंबऱ्याच्या आत नाही. मला या सगळ्यात सांगण्यासारखं काही असेल तर ते हेच: घरात एक लेकरू आजारी असेल तर त्याला वेगळं ताट देऊ नका, सगळ्यांचं ताट त्याच्यासारखं करा. त्याला नको असलेलं काढून टाकलं तरी आपल्या भागात जेवणात इतकं उरतं की बाकीच्यांना काही सोडलं असं वाटतच नाही. वेगळं ताट मुलाला रोज दोनदा सांगत राहतं की तू आमच्यातला नाहीस.

शिवाय वेगळं ताट सुरक्षितही नसतं. या आजारात चिमूटभर कणीकही मोजली जाते. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात ग्लुटेनमुक्त म्हणायला एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यावरून अंदाज करा. चपातीच्या पोळपाटावर लाटलेली तांदळाची भाकरी त्या मापात बसत नाही. लाकडाच्या चिरांत पीठ राहतं, म्हणून पोळपाट-लाटणं नवं घ्यावं लागलं. पुरी तळलेल्या तेलात पापड तळायचा नाही. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे गिरणी. गल्लीतल्या गिरणीत आमच्या आधी कुणाचे ना कुणाचे गहू दळलेले असणारच; जात्याच्या फटीत आणि पट्ट्यावर बसलेलं ते पीठ आमच्या शाळूत उतरणारच. गिरणीवाले मामा चांगले, ते म्हणाले पहिलं पायलीभर बाजूला काढून टाकतो, पण त्यानं भागत नाही. शेवटी घरघंटी घेतली. खर्चाला जड गेलं, पण त्या महिन्यात दुसरं काही घेतलं नाही. तिच्यात शाळू, नाचणी, तांदूळ, हुलगे, हरभराडाळ एवढंच जातं. दळण्याआधी शाळू ताटात पसरून निवडायचा, कारण बाजारच्या धान्यात गव्हाचे दाणे सापडतात. हे काम धाकटी स्वतः करते आणि माझ्यापेक्षा बारकाईनं करते.

दोन गोष्टी आमच्या भागासाठी मुद्दाम लिहिते. पहिली खपली. कृष्णाकाठच्या गावांत खपली गव्हाला औषध मानतात. साखरेच्या आजाराला बरा, पचायला हलका, म्हणून लोक आवर्जून आणून देतात. मलाही किती जणींनी प्रेमानं सांगितलं, "अगं, खपली चालते की." चालत नाही. खपली हा गहूच आहे, जुन्या जातीचा असला तरी ग्लुटेन त्यात आहेच. रवा, मैदा, दलिया, गव्हाच्या शेवया, हे सगळं त्याच घरचं. दुसरी गोष्ट हिंग. डबीतली हिंगाची पूड बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात नाहीतर मैद्यात कालवलेली असते आणि डबीच्या मागं बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. फोडणीत चिमूटभर हिंग न घालणारं मराठी घर विरळा, म्हणजे सगळं पाळूनही आमटीतून गहू रोज पोटात. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. तो मिळाला नाही तर लसूण जास्त ठेचा, काही बिघडत नाही.

आता जेवणाकडे येते.

भाकरी येत नाही म्हणून चपातीवर अडून बसलेल्या मुली मला खूप भेटतात. शाळूत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ कणकेसारखं ताणत नाही आणि थापताना कडा फाटतात. त्यासाठी उकड काढा. पातेल्यात जेवढं पीठ तेवढंच पाणी, चवीला मीठ, पाण्याला खळखळून उकळी आली की पीठ घालून उलथन्याच्या दांड्यानं हलवा, झाकण ठेवून चूल बंद करा. पाच-दहा मिनिटांनी परातीत काढून हाताला सोसवेल तितकं गरम असतानाच पाण्याचा हात लावत मळा, चांगलं मळा, मनगटानं. मग ती भाकरी लाटण्यानं लाटतासुद्धा येते. पीठ मात्र ताजं हवं. महिनाभर डब्यात पडलेल्या पिठाची विरी जाते, मग उकडीनंही ते सांधत नाही. म्हणून थोडं थोडं दळा. अशी भाकरी फडक्यात गुंडाळली तर दुपारच्या डब्यापर्यंत मऊ राहते. प्रवासाला कडक भाकरी. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड, त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं. कागदासारख्या पातळ कडक भाकऱ्या त्या घरीच करतात आणि महिना-महिना डब्यात ठेवतात. पहिल्यांदा धाकटीच्या हातात दिली तेव्हा मला आधी सांगितलं, "गोधी इल्ल, बरे जोळ." म्हणजे गहू नाही, नुसता शाळू. आता आमच्याकडे कुठंही जायचं तर कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा पिशवीत असतो.

भाकरीबरोबर अंबाडी. तूरडाळ आणि शाळूच्या कण्या एकत्र शिजवायच्या, त्यात चिरून उकडलेली अंबाडी, शेंगदाणे, हिरवी मिरची, आणि वरून भरपूर लसणाची फोडणी. कण्यांमुळे भाजी मिळून येते, वेगळं पीठ लावावं लागत नाही. माहेरी हे रोजचं होतं आणि मी लग्नानंतर ते जवळजवळ करायचंच सोडलं होतं. बेळगावच्या बाजारात अंबाडीच्या जुड्या तेव्हाही होत्या. तसंच हुलगे. हुलगे मोड आणून उसळ, शिजवलेल्या पाण्याचा कट, आणि पावसाळ्यात माडगं. हुलगे भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, गूळ, सुंठ, वेलदोडा. पूर्वी वरून दूध घालायचे, आम्ही नारळाचा रस घालतो. जूनमध्ये खानापूरहून भिजत येणाऱ्या माणसाला माडग्याचा पेला हातात दिला की चहाची आठवण होत नाही.

सासरच्या बाजूचं तर बहुतेक सगळं जसंच्या तसं चाललं. घावनं, आंबोळी, तांदळाच्या शेवया आणि नारळाचा रस, सोलकढी. चोर्ल्याच्या घाटानं गोव्याचा नारळ आणि आमसुलं बेळगावात येतात, त्याचा हा फायदा. आंबील ताकाशिवाय होते: नाचणीचं पीठ रात्री पाण्यात भिजवून ठेवा, सकाळपर्यंत ते आपलं आपण आंबतं, मग शिजवून मीठ, जिरं, ठेचलेला लसूण, कच्चा कांदा. नाचणीला मी दुसऱ्याही कारणानं धरून आहे. दूध बंद म्हटल्यावर प्रत्येक जण विचारतो, हाडांचं काय? शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात 120 च्या आसपास. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण मोड आणले की बरंच सुधारतं. म्हणून मी मोड आणून, वाळवून, हलकी भाजून मगच दळते. त्याला तीळ, शेवग्याचा पाला आणि काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी यांची जोड द्यायची. डॉक्टरांनी सांगितलेली गोळीही चालू आहे. ती मी बंद करत नाही.

मटणाचा दिवस सगळ्यात सोपा. रस्सा, पांढरा रस्सा नारळाच्या रसातला, भाकरी, भात. मसाला घरी कुटलेला असला की विचार करायचं कारणच नाही. एकादशीही तशीच सोपी. शाबूची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या लाल मातीतली रताळी. आपल्या उपासाच्या पदार्थांत गहू नाहीच. दही सोडलं की सगळं ताट तिला चालतं. ज्यांना काय करावं सुचत नाही त्यांनी सरळ उपासाच्या स्वयंपाकापासून सुरुवात करावी, असं मी सगळ्यांना सांगते.

घाईच्या सकाळी चुरमुऱ्यांचा सुसला. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वरून डाळ्याची पूड, लिंबू. पंधरा मिनिटांत चार माणसांचा नाष्टा. इडली, डोसे, पोहे आहेतच. मात्र हॉटेलातल्या डोशाबद्दल विचारून घ्या, काही जण पिठात मैदा घालतात आणि त्याच तव्यावर रव्याचा डोसा होतो. मुलांचा जीव गाड्यावरच्या गोबी मंचुरीत असतो. तिच्यात मैदा, आणि सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो हे पुष्कळांना माहीत नाही. मी तांदळाच्या पिठात कॉलीफ्लॉवर घोळवून तळते आणि टोमॅटो, लसूण, संकेश्वरी मिरचीच्या ठेच्यात परतते. थोरला मित्रांना घेऊन येतो आणि परात रिकामी होते.

गोडाचं म्हणाल तर दुधाचा कुंदा गेला, ते दुःख बेळगावच्या माणसाला सांगायला नको. पण नागपंचमीचे लाडू आहेत: तिळाचे, शेंगदाण्याचे, डाळ्याचे, शाळूच्या लाह्यांचे, सगळे गुळाच्या पाकातले. पुरणही मुळात डाळ आणि गूळ, अडचण पोळीची. तांदळाच्या उकडीत पुरण भरून मोदकासारखे वाफवले आणि बरोबर नारळाच्या रसातली गुळवणी दिली. होळीला तिनं ते खाल्ले, आम्हीही तेच खाल्ले. कटाची आमटी तर आपलीच.

घराबाहेरचं जेवण मात्र अजून अवघड आहे. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की केक येतो, आणि त्या दिवशी मी एक लाडू जास्त देते. बाईंना पहिल्या दिवशीच चिठ्ठी लिहून दिली होती, त्या जपतात. नातेवाइकांकडे लोक दुखावतात. "एका घासानं काय होतंय?" हे वाक्य प्रेमानंच म्हटलेलं असतं, आणि त्याला मी प्रत्येक वेळी तेच उत्तर देते, की होतंय, आतून होतंय आणि दिसत नाही. चिडून उपयोग नाही. समोरच्या बाईला मुलीला उपाशी पाठवायचं नसतं. तिला काय करायचं ते नेमकं सांगितलं तर ती करते.

आमच्या सासरच्या गावी जत्रेला खपलीच्या गव्हाची खीर असते. मोठ्या काहिलीत रात्रभर शिजते आणि अख्खं गाव जेवतं. धाकटी पहिल्या वर्षी देवळाच्या पायरीवर केळ्याच्या पानावर नुसता भात घेऊन बसली. पुढच्या वर्षी मी आधी जाऊन खीर करणाऱ्या बायकांना भेटले. चुलत सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग कशाची करूया ते सांग." राळ्याची ठरली, राळे म्हणजे एक बारीक भरडधान्य. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना ही खीर पाठ होती. आता दर वर्षी एक पातेलं राळ्याचं असतं, आणि ते मागून घेणारी आणखीही माणसं निघाली आहेत, कुणी साखरेच्या आजाराचं, कुणी दूध न सोसणारं.

कुणाला आपल्या गावी करायची असेल तर पद्धत अशी. गव्हाचं पोतं उघडण्याच्या आधी हे पातेलं चुलीवर चढवायचं, म्हणजे उडालेलं पीठ, भुसा त्यात पडत नाही. राळे तीन-चार पाण्यांत धुऊन, तासभर भिजवून, चौपट पाण्यात मऊ शिजवायचे. नारळ खवून पहिला दाट रस वेगळा काढून ठेवायचा आणि दुसऱ्या पातळ रसात राळे आणखी थोडे आटवायचे. मग किसलेला गूळ, सुंठ, वेलदोडा, भाजून कुटलेली खसखस. गूळ विरघळला की चूल बंद करायची आणि त्यानंतरच दाट रस घालायचा, कारण उकळी आली तर तो फुटतो. खीर निवताना घट्ट होते, म्हणून वाढायच्या वेळी घालायला थोडा पातळ रस राखून ठेवा. आणि वाढायला डाव त्याच पातेल्यातला, गव्हाच्या खिरीतला नाही. हे काम एका जाणत्या मुलीकडे द्यावं आणि पंगत उठेपर्यंत तिला तिथून हलू देऊ नये.